तोतया मादी: ऑर्किड मॉडेल्सच्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी

आज अखेर सुरुवात केली. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मुलांसाठी विज्ञान प्रदर्शन आहे, त्यात मला एक मोठं टेबल मिळालंय आणि त्यावर किड्यांचं सोंग घेणारी रानटी ऑर्किड्स वीसपट मोठी करून ठेवायचीत, नुसती बघायला नाही तर हात लावून, हलवून बघायला. गेली चार-पाच वर्षं मी या फुलांबद्दल मिळेल ते वाचतोय, फोटो जमवतोय, आणि कुणाला सांगायला गेलो की दरवेळी वाटतं हे तोंडी सांगून भागत नाही, हातातच द्यायला पाहिजे.

भाचीला ऑफ्रिस नावाच्या ऑर्किडच्या फुलाचा जवळून काढलेला फोटो दाखवला. ती म्हणाली, "मामा, माशी मस्तय, पण फूल कुठंय?" म्हटलं, "तू माशी म्हणतीयेस ना, तेच फूल." तिने फोटो डोळ्याजवळ नेला, पाय शोधले, पंख शोधले, सापडेनात, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "खोटं." टेबलाशी येणाऱ्या प्रत्येक मुलाने आधी हेच म्हणावं आणि मग पुढचं ऐकायला थांबावं, एवढं जमलं तरी पुष्कळ.

पुढचं म्हणजे हे: या फुलात मध नाही, काहीच देत नाही ते. त्याची एक पाकळी, जिला ओठ म्हणतात, ती एका ठरावीक जातीच्या मादी माशीसारखी झालेली असते, रंगाने, केसांनी आणि वासानेही. नर येतो, तिला मादी समजून धरतो, मीलनाचा प्रयत्न करतो, त्या झटापटीत परागांचे दोन गठ्ठे त्याच्या अंगाला चिकटतात, तो वैतागून उडून जातो आणि पुढच्या फुलावर पुन्हा फसला की ते गठ्ठे तिथे लागतात. संपलं फुलाचं काम.

९ जानेवारी

कुठली फुलं घ्यायची यावर तीन दिवस गेले. जगात ऑर्किडच्या अठ्ठावीस हजारांच्या आसपास जाती आहेत, त्यातल्या साधारण एक तृतीयांश कीटकाला काही न देता फसवून काम करून घेतात, पण मादी बनून फसवणाऱ्या त्यातल्या थोड्या. एक मोठा गट भूमध्य समुद्राच्या आजूबाजूला आणि युरोपात, ते ऑफ्रिस, आणि दुसरे अनेक गट ऑस्ट्रेलियात.

शेवटी तीन ठरली. पहिलं ऑफ्रिस स्पेक्युलम, म्हणजे आरशाचं ऑर्किड. दुसरं ऑफ्रिस अपिफेरा, मधमाशीचं ऑर्किड, कारण त्याची गोष्टच वेगळी आहे (पुढे लिहीन). तिसरं ड्रेकिया, हातोडी ऑर्किड, ते फक्त ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य कोपऱ्यात होतं आणि जगात दुसरीकडे कुठेच नाही.

माशीचं ऑर्किड, ऑफ्रिस इन्सेक्टिफेरा, घ्यायचा मोह होता, लिनियसने १७५३ मध्ये नाव दिलेलं, दिसायलाही अगदी माशी. ते सोडलं, पण त्याची एक ओळ पाटीवर टाकणार आहे. कारण त्याला माशी म्हणतो आपण, आणि त्यावर फसायला येते ती एक सडपातळ गांधीलमाशी, अर्गोगोरायटिस. म्हणजे माणसाला माशी दिसली म्हणून माशी हे नाव, ज्याच्यासाठी ते सोंग आहे त्याला कुणी विचारलंच नाही. हे डोक्यात घोळत राहिलंय.

१५ जानेवारी

ओठाचा सांगाडा झाला. आरशाच्या ऑर्किडचा खरा ओठ दीड सेंटीमीटरच्या आतबाहेर, म्हणजे माझा साधारण २८ सेंटीमीटर. आतून तारेची जाळी, वर कागदाचा लगदा, त्यावर हवेत वाळणारी क्ले. पहिला थर जाड दिला तर वाळताना मधोमध तडा गेला, तो खरवडून काढला आणि आता पातळ थर देऊन एकेक दिवस थांबतोय.

ओठाच्या वरचा स्तंभ वेगळा केला. ऑर्किडमध्ये पुंकेसर आणि स्त्रीकेसर वेगवेगळे नसतात, दोन्ही मिळून एक खांब झालेला असतो, आणि पराग सुटे उडत नाहीत तर गठ्ठा होऊन दांडीवर बसलेले असतात, दांडीच्या खाली चिकट चकती. गठ्ठे पिवळ्या मण्यांचे केले, दांडी तारेची, चकतीच्या जागी लोहचुंबक. मुलांच्या हातात जो खोटा नर देणार त्याच्या कपाळालाही चुंबक, तो आत गेला की गठ्ठे कपाळाला चिकटून बाहेर. पंधरा-वीस वेळा करून बघितलं, प्रत्येक वेळी तो "टक्" आवाज येतो, फार छान वाटतं.

२१ जानेवारी

आरसा. या फुलाच्या ओठावर मधोमध निळाभोर चकाकता पट्टा असतो, बाजूने पिवळी कड आणि मग लालसर तपकिरी केसांची झालर. तो निळा पट्टा म्हणजे बसलेल्या मादीच्या मिटलेल्या पंखांवर पडलेलं आभाळाचं प्रतिबिंब, असं मानतात.

निळा रंग दिला, मेलेला वाटला. मग वार्निश, मग नेलपॉलिशचे चार थर, तरी ती चकाकी येईना, तेव्हा परत वाचायला बसलो. २०१२ मध्ये या आरशाचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास झाला होता, त्यात निघालं की निळेपणा रंगद्रव्यातूनच येतो, पण चकाकी येते ती पेशींमुळे, त्या जागेच्या पेशी अगदी सपाट आणि गुळगुळीत असतात म्हणून प्रकाश आरशासारखा परततो. बहुतेक फुलांच्या पाकळीवर पेशी फुगीर असतात, म्हणून पाकळी मखमली दिसते. मग चूक कळली, माझी क्ले खरखरीत होती, त्यावर कितीही चमक थापली तरी खालचा खडबडीतपणा वर येणारच. सगळं खरवडलं, बारीक पॉलिश पेपरने दोन संध्याकाळी घासलं, बोट फिरवल्यावर काचेसारखं लागेपर्यंत, आणि मग त्याच निळ्याचा एकच थर. झालं! खिडकीजवळ नेलं तर खिडकीच दिसली त्यात.

२९ जानेवारी

केस. या आठवड्यात सगळ्यात जास्त शिकलो, तेही चुकून.

मोठ्या मॉडेलवर एकदम नको म्हणून सरावाला ऑफ्रिसच्याच आणखी एका जातीचा, ऑफ्रिस फुस्काचा, ओठ केला, लहानसाच, आणि जुन्या ब्रशचे केस त्यावर चिकटवले. दोन दिवस लागले. मग फोटोशी ताडून बघतो तर माझे केस उलट्या दिशेने! मी ते स्तंभाकडून टोकाकडे वळवले होते, आणि फुस्कात ते टोकाकडून स्तंभाकडे वळलेले असतात. आधी वाटलं काय फरक पडतो, मग नीट विचार केला आणि एकदम उलगडलं.

माशीच्या अंगावरचे केस डोक्याकडून शेपटीकडे वळलेले असतात, मांजराच्या अंगावर असतात तसेच. नर मादीवर बसतो तेव्हा स्पर्शाने त्याला कळतं डोकं कुठल्या बाजूला. फुलावरही तो तेच करतो, केसांचं वळण बघून फिरतो. आरशाच्या ऑर्किडमध्ये नराचं डोकं स्तंभाकडे असतं, म्हणून पराग त्याच्या डोक्याला चिकटतात. फुस्का आणि त्याच्या भाऊबंदांत नर उलटा बसतो, डोकं बाहेर आणि पोटाचं टोक स्तंभाकडे, म्हणून पराग पोटाच्या टोकाला. एकाच माळावर दोन जातींकडे एकच नर गेला तरी एकीचे पराग डोक्यावर, दुसरीचे शेपटीवर, गल्लत होत नाही. आणि हे सगळं ठरण्यात त्या केसांच्या वळणाचा मोठा हात.

चुकलेला ओठ फेकत नाही. दुसरा बरोबर करून दोन्ही शेजारी ठेवणार, मुलांना डोळे मिटून बोट फिरवायला सांगणार, डोकं कुठे ते ओळखा.

५ फेब्रुवारी

आज मजकूर लिहायला घेतला आणि पहिल्याच वाक्यात अडलो. "नर माशी फुलावर बसते." बसते? नर आहे ना तो! आपल्याकडे माशी, गांधीलमाशी, मधमाशी सगळ्या स्त्रीलिंगी, आणि माझी सगळी गोष्ट नराची. "नर माशी बसतो" लिहिलं तर कानाला खटकतं. "भुंगा" लिहावं तर तो किडाच वेगळा. शेवटी असं ठरवलं की पहिल्या पाटीवर एकदाच सांगायचं, गोष्टीतला आपला पाहुणा म्हणजे गांधीलमाशीचा नर, आणि पुढे सगळीकडे नुसतं "नर". नर येतो, नर फसतो, नर उडतो.

दुसरा शब्द मात्र आयता मिळाला. किड्याच्या रूपातल्या त्या ओठाला काय म्हणायचं? प्रतिकृती, नक्कल, बहुरूपी, सगळं लिहून बघितलं. मग तोतया सुचला. तोतया मादी! तोतया म्हटल्यावर मराठी माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही, दुसऱ्याचं रूप घेऊन त्याच्या जागी बसलेला.

संध्याकाळी प्रदर्शनाचं बघणाऱ्या ताईंचा फोन आला. त्यांना जरा काळजी वाटत होती, "दादा, विषय छानच आहे हो, पण सात-आठ वर्षांची मुलं येणार, हे मीलन वगैरे कसं सांगणार तुम्ही?" मी म्हटलं, "ताई, जसं आहे तसं. नराला वाटतं ती मादी आहे, म्हणून तो तिला भेटायला जातो, ती मादी नसते." त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "हां, एवढंच असेल तर काही हरकत नाही." वर्षानुवर्षं मोठ्या माणसांनाही हे कोडं सुटलं नव्हतं, त्याचीही गोष्ट आहे, ती पुढच्या नोंदीत.

१३ फेब्रुवारी

इतिहासाची पाटी. मला ही सगळ्यात आवडते.

डार्विनने १८६२ मध्ये ऑर्किडच्या परागणावर अख्खं पुस्तक लिहिलं, पण मधमाशीच्या ऑर्किडचं कोडं त्याला सुटलं नाही. त्याच्या आधी रॉबर्ट ब्राउन या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाला वाटत होतं की हे रूप कीटकांना दूर ठेवायला आहे, फुलावर आधीच कुणी बसलंय असं वाटावं म्हणून. डार्विनला ते काही पटलं नाही. गंमत म्हणजे एका निरीक्षकाने एक माशी या फुलावर हल्ला करताना अनेकदा बघितल्याची नोंद डार्विनच्या हातात होती, ती त्याने पुस्तकात दिली आणि म्हटलं की याचा अर्थ काय ते मला सांगता येत नाही. धागा हातात होता!

तो धागा ओढला पुयान यांनी. अल्जीरियात न्यायाधीश होते, फ्रेंच, पेशाने शास्त्रज्ञ नाहीत. वीसएक वर्षं ते आरशाच्या ऑर्किडकडे बघत राहिले. त्यांना दिसलं की त्यावर डॅसिस्कोलिया नावाच्या गांधीलमाशीचे फक्त नरच येतात, मादी कधीच नाही. हे नर मादीच्या बऱ्याच आधी जमिनीतून बाहेर येतात, माद्यांची वाट बघत जमिनीलगत घिरट्या घालतात, आणि नेमकं त्याच दिवसांत फूल फुललेलं असतं. पुयान हातात फुलं घेऊन तिथे बसायचे आणि नर त्यांच्या हातातल्या फुलांवर येऊन बसायचे. १९१६ मध्ये कोरव्हॉन यांच्यासोबत त्यांनी हे छापलं. सुरुवातीला फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

आणि तिकडे ऑस्ट्रेलियात ईडिथ कोलमन. शाळेत शिकवलेल्या, घर सांभाळून निसर्गाच्या नोंदी ठेवणाऱ्या. त्यांच्या मुलीने बघितलं की एक गांधीलमाशी क्रिप्टोस्टायलिस या ऑर्किडच्या फुलात उलटी शिरतेय, शेपटी आधी. मध प्यायला कुणी शेपटीकडून शिरत नाही. कोलमननी मग उन्हाळाभर बघितलं, तपासलं, आणि १९२७ मध्ये स्पष्ट लिहिलं की येणारे सगळे नर आहेत आणि ते फुलाला मादी समजतात. १९४९ मध्ये त्यांना ऑस्ट्रेलियन नॅचरल हिस्टरी मेडॅलियन मिळालं, ते मिळणाऱ्या त्या पहिल्या बाई.

पाटीवर ही तिन्ही माणसं एका ओळीत घेतलीत आणि सगळ्यात मोठं अक्षर मुलीच्या वाक्याला दिलंय, "ती उलटी शिरतेय".

१८ फेब्रुवारी

मधमाशीचं ऑर्किड एका दिवसात झालं, सवय झाली आता. याची गोष्ट अशी की तोतया मादीचं सगळं रूप असूनही युरोपच्या उत्तरेकडे हे फूल बहुतेक कुणाची वाटच बघत नाही. परागाच्या गठ्ठ्याची दांडी लांब आणि लवचिक असते, ती वाकते, गठ्ठे समोर लोंबकळतात, वाऱ्याने हलतात आणि त्याच फुलाच्या कुक्षीला जाऊन चिकटतात. डार्विनने फुलांचा तुरा वारा नसलेल्या खोलीत पाण्यात ठेवून बघितला होता, गठ्ठे तसेच लोंबत राहिले, कुक्षीला लागले नाहीत. म्हणजे वारा लागतोच.

मी दांडीच्या जागी दोरा घेतला, गठ्ठा थर्माकोलचा, कुक्षीवर चिकट पट्टी. भाचीला म्हटलं फुंक मार. पहिल्या फुंकरीत लागला! मग तिने चाळीसएक वेळा तेच केलं.

२ मार्च

ड्रेकिया. दहा दिवस झाले, हेच चाललंय.

फुलाची रचना अशी: उंच बारीक दांडा, वर फूल, त्याला एक आडवा हात, हाताच्या मधे बिजागरी आणि टोकाला ओठ, म्हणजे तोतया मादी, काळपट लाल, चकचकीत, खडबडीत, बिनपंखी. बिनपंखी असायचं कारण आहे. तिथल्या थिनिड गांधीलमाश्यांच्या माद्यांना पंखच नसतात. त्या जमिनीखाली राहतात, भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर अंडी घालतात, आणि नर हवा असला की गवताच्या काडीवर चढून बसतात आणि वास सोडतात. नर उडत येतो, तिला उचलतो आणि घेऊनच जातो, मीलनही उडता-उडता, आणि तिला मधापर्यंत पोचवतोही तोच.

आता तोतया बघा. नर येतो, ओठाला मिठी मारतो, उचलून उडायला जातो, पण ही काही सुटत नाही, बिजागरीला बांधलेली आहे. त्याच्याच जोराने हात वर फिरतो आणि नर पाठीवर उलटा होऊन स्तंभावर आदळतो, तिथे पराग. म्हणून हातोडी. फुलाने स्वतः काहीच हलवायचं नाही, सगळी ताकद नराची.

बिजागरी पहिल्यांदा कापडी पट्टीची केली, लोळागोळा झाली. दुसरी दाराच्या छोट्या बिजागरीची, ती जड, हात खाली पडला की वर यायचं नावच नाही. काल रिकाम्या रिफिलचा दोन सेंटीमीटर तुकडा कापला, त्यातून स्टीलची तार ओवली आणि दोन्ही टोकं वळवली. हलकी झाली, गुळगुळीत फिरते, पण आता बाजूलाही डुलते, नर स्तंभाच्या शेजारून निघून जातो. आज रिफिलच्या दोन्ही बाजूंना मणी घातले, डुलणं थांबलं. पंचवीस वेळा उडवलं, तेवीस वेळा नेमका आदळला. पुष्कळ झालं.

ही जात ठेवलीये ड्रेकिया ग्लिप्टोडॉन. ड्रेकिया हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिंडले यांनी मिस सारा ड्रेक यांच्यावरून ठेवलं, त्या वनस्पतींची चित्रं काढायच्या, लिंडले यांच्यासाठी शेकडो काढलीत. चित्र काढणाऱ्या हाताचं नाव फुलाला मिळालं हे वाचलं तेव्हा काम थांबवून थोडा वेळ नुसता बसलो.

१७ मार्च

भाचीने आज तिन्ही मॉडेल्स एकत्र बघितली. खूप खूश. मग आरशाच्या ऑर्किडसमोर उभी राहून म्हणाली, "मामा, त्या नराला पण हे असंच दिसतं का?"

नाही ना! आणि हे मला माहीत होतं, चांगलं माहीत होतं, तरी अडीच महिने मी फक्त डोळ्यांसाठी काम केलं.

बर्टिल कुलेनबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं ऑफ्रिसवर प्रयोग केले, १९६१ मध्ये मोठा ग्रंथ छापला, त्यातच दिसलं होतं की नराला खेचतो तो मुख्यतः वास. मग १९९९ मध्ये शीस्टल आणि सहकाऱ्यांनी ऑफ्रिस स्फेगोडिसवर काम केलं. नराची मिशी यंत्राला जोडायची, फुलाच्या वासातला एकेक घटक वेगळा करून तिच्यावरून सोडायचा आणि मिशी कशाला दाद देते ते बघायचं. निघालं काय, तर फुलाचा वास आणि त्यावर ज्याचे नर फसतात त्या अँड्रीना माशीच्या मादीचा वास, घटक तेच आणि प्रमाणही जवळपास तेच. आणि घटक कुठले? मेणातले साधे हायड्रोकार्बन! झाडाच्या पानांवर पाणी उडून जाऊ नये म्हणून मेणाचा थर असतोच, त्यातलेच. नवीन काही बनवायला लागलं नाही, घरात होतं त्याचंच प्रमाण बदलत गेलं.

ऑस्ट्रेलियात किलोग्लॉटिस नावाच्या ऑर्किडचं तर एकाच रसायनावर चालतं. २००३ मध्ये सापडलं, किलोग्लॉटोन नाव दिलं. टाचणीवर काळा मणी लावून त्यावर तेवढा एक वास दिला तरी नर येऊन त्या मण्याशी झटतात. केस नाहीत, आरसा नाही, पाय-पंख काही नाही. काळा मणी.

रूपाला काहीच किंमत नाही असं मात्र नाही. क्रीटमधल्या ऑफ्रिस हेल्ड्रायखीच्या गुलाबी पाकळ्या काढल्या तर लांब मिशांच्या माशीच्या नरांना ते फूल शोधणं अवघड जातं असं दिसलंय. जवळ आल्यावर डोळे, अंगावर आल्यावर स्पर्श. पण बोलावणं वासाचं.

ठरलं. टेबलाच्या मधोमध एक टाचणी आणि काळा मणी. बाकी सगळी मॉडेल्स बाजूला.

२४ मार्च

वास दाखवायचा कसा? त्या फुलांचे खरे वास आपल्या नाकाला बहुतेक कळतही नाहीत, ते आपल्यासाठी नाहीतच. मग खेळ केला. एक डबी, "मादी", त्यात कापसावर निलगिरीचे पाच थेंब, लवंग तेलाचा एक, कापूर चिमूटभर. समोर चार डब्या, चारींत तेच तीन पदार्थ, प्रमाण वेगळं, फक्त एकीत मादीचं प्रमाण. डोळे मिटून ओळखायचं तोतया कुठली.

पहिल्या दिवशी फसलं, दहा मिनिटांत सगळ्या डब्यांना एकच वास, कारण थेंब फार जास्त होते आणि नाक बधिर. थेंब निम्मे केले, मधे मधे मोकळ्या हवेत जायचं असं ठरवलं, मग जमलं. भाचीने पाचपैकी चार वेळा बरोबर काढलं, मी तीन.

यातून एक पाटी आपोआप लिहून झाली. नरही शिकतो. एका फुलाने फसवलं की त्या फुलाचा नेमका वास लक्षात ठेवून तो पुन्हा त्यावर जात नाही, पण एकाच जातीतही प्रत्येक फुलाचा वास किंचित वेगळा असतो, म्हणून शेजारच्यावर पुन्हा फसतो. फुलाचं भलं यातच आहे, पराग दूरच्या झाडाला जातात. एक प्रयोग तर याहून पुढचा, २००८ मधला, ऑफ्रिस एक्झाल्टाटावर फसणाऱ्या नरांना त्यांच्याच भागातल्या माद्यांच्या वासापेक्षा थोडा परका वास जास्त ओढून घेतो असं निघालं. अगदी हुबेहूब असणं फुलाला परवडतही नाही म्हणजे!

आणि परागण झालं की ऑफ्रिस स्फेगोडिसचं फूल वास बदलतं, फार्नेसिल हेक्झानोएट नावाचं रसायन जास्त सोडायला लागतं, जे मीलन झालेल्या मादीत असतं. नर ओळखतो, इथे आता काही नाही, आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या, अजून परागण न झालेल्या फुलाकडे जातो. यासाठी पाचवी डबी, झाकणावर फुली.

३ एप्रिल

मोठी मुलं विचारतील, यात नराचं काय नुकसान? काही जातींत बरंच. क्रिप्टोस्टायलिसवर येणारा लिसोपिम्प्ला या गांधीलमाशीचा नर फुलावर वीर्यही टाकून जातो, हे २००८ मध्ये छापून आलं. मग माद्यांना नर कमी पडत असतील तर? पण या किड्यांत मादीचं मीलन झालं नाही तरी तिला पिल्लं होतात, फक्त ती सगळी नर. म्हणजे फुलाने जितके नर नादी लावले तितके पुढच्या पिढीत नर वाढू शकतात, फसायला नवे. हे वाचून अंगावर काटा आला होता. आठवी-नववीच्या मुलांसाठी वेगळ्या कार्डावर लिहिलं, मुख्य पाटीवर नको.

९ एप्रिल

ही पाटी करायला जड गेली. ब्रिटनमध्ये २०१४ च्या एका अभ्यासात संग्रहालयातले जुने नमुने काढले, १८४८ पासूनचे, वाळवलेली ऑर्किड्स आणि टाचणीला लावलेल्या माश्या, आणि त्यांच्यावरच्या तारखा तापमानाशी ताडल्या. वसंतात तापमान १ अंशाने वाढलं तर ऑफ्रिस स्फेगोडिस साधारण ६ दिवस आधी फुलतं, त्याचे नर ९ दिवस आधी येतात, आणि खऱ्या माद्या १५ दिवस आधी. फुलाचा सगळा खेळ त्या मधल्या दिवसांवर आहे, नर आलेत आणि माद्या अजून यायच्यात. खरी मादी समोर असली तर तोतयाकडे कोण बघणार?

कागदाच्या तीन पट्ट्या केल्या, हिरवी फुलाची, निळी नराची, लाल मादीची, खोबणीत सरकणाऱ्या. तापमानाचा काटा एक घर पुढे केला की मुलाने स्वतः ६, ९ आणि १५ घरं सरकवायची. लाल पट्टी हिरवीवर चढत जाते ते हाताला कळतं.

१६ एप्रिल

पूर्ण मांडणी करून बघितली. ड्रेकियाचा दांडा हलत होता, खाली वाळूची पिशवी ठेवली. हृदयाच्या आकाराचं त्याचं एकुलतं पान राहूनच गेलं होतं, रात्री कापून रंगवलं, जमिनीला चिकटून असतं तसंच बसवलं. ताई बघायला आल्या होत्या, मण्यासमोर थांबल्या, "हे एवढंसं मधे का ठेवलंय?" सांगितलं. त्यांनी परत मण्याकडे बघितलं, मग आरशाच्या ऑर्किडकडे, मग म्हणाल्या, "पाटीची अक्षरं अजून मोठी करा दादा, लहान मुलांना दिसायची नाहीत." खरंच होतं, केली.

२६ एप्रिल

प्रदर्शन झालं, दोन दिवस. ड्रेकिया सगळ्यांचं आवडतं, रांग तिथेच. तार दोनदा तुटली, बदलली. फुंकर मारायच्या फुलाचे दोरे तीन वेळा गुंतले. केसांच्या ओठावर लहान मुलं मोठ्यांपेक्षा पटकन ओळखतात डोकं कुठे, मोठे आधी डोळे किलकिले करून बघतात.

डब्यांच्या खेळाला पहिल्या दिवशी फार कुणी थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी डब्या मण्याच्या शेजारी आणल्या आणि गर्दी झाली. एक मुलगी, दुसरी-तिसरीतली असेल, सकाळी येऊन गेली होती, दुपारी आईला हाताला धरून घेऊन आली. आई आरशाच्या ऑर्किडकडे वळली, साहजिकच, सगळे वळतात. मुलीने तिला ओढून मण्यापाशी आणलं, हातात मादीची डबी दिली आणि म्हणाली, "आई, ते नंतर. आधी डोळे मीट."

पुढच्या वेळी: तार जाड गेजची. कापूस दर दोन तासांनी नवा. केसांच्या ओठाची आणखी एक जोडी, एक जोडी पुरत नाही.